फ्रेंच वसाहतींतली घराणी: माणूस सापडतो, आडनाव का सापडत नाही?

दप्तरदार (धागाकर्ता)

पाँडिचेरी, रेयुनियों (मॉरिशसजवळचं बेट), मॉरिशस, मार्टिनिक (कॅरिबियनमधलं बेट). यांपैकी कुठेही मुळं असलेल्या घराण्याचा शोध घेताना बहुतेक जण संकेतस्थळावर आजचं आडनाव टाकतात, शून्य उत्तर येतं आणि शोध तिथेच संपतो. कागद मात्र बहुधा असतात. जून १७७६ च्या राजाज्ञेनं प्रत्येक फ्रेंच वसाहतीला बाप्तिस्मा, लग्न आणि दफनाच्या वह्यांची एक जास्तीची प्रत व्हर्सायला पाठवणं सक्तीचं केलं. वाळवी, दमट हवा, वादळं आणि लढाया यांत मूळ वह्या टिकत नव्हत्या, म्हणून. त्या प्रती आज एक्स-आँ-प्रोव्हाँस इथल्या 'आर्शीव्ह नास्योनाल दूत्र-मेर' या दप्तरात आहेत. त्यांचा मोठा भाग त्यांच्या संकेतस्थळावर पानोपानी फुकट बघता येतो. पाँडिचेरी, कारैकल, माहे, यानम, चंद्रनगर ही पाचही ठाणी 'आँद' (भारत) या नावाखाली आहेत.

अडचण कागदांची नाही, आडनावाची आहे. फ्रेंच वसाहतीत आडनाव ही जन्मापासून चिकटलेली गोष्ट नव्हती. ते कुठल्यातरी तारखेला, कुठल्यातरी कारणानं लागलं: कुणाला पलटणीत, कुणाला जमिनीवरून, कुणाला गुलामी संपली त्या आठवड्यात, कुणाला कोर्टात अर्ज करून. म्हणून पहिला प्रश्न "हे आडनाव कुठलं?" असा विचारायचा नाही. "हे आडनाव कधीपासून?" असा विचारायचा. त्या तारखेच्या अलीकडे आडनावानं शोधायचं, पलीकडे दुसऱ्या कशानं तरी.

कामाचा क्रम असा ठेवा.

घरातल्या सर्वांत अलीकडच्या फ्रेंच दाखल्यापासून मागे जा. दाखला मागताना 'कोपी आँतेग्राल' म्हणजे शब्दशः पूर्ण नक्कल मागा. 'एक्स्त्रे' मागितला तर त्यात आईवडिलांची नावं नसण्याची शक्यता असते, आणि समासातल्या नोंदी तर पूर्ण येतच नाहीत.

जन्माच्या नोंदीवरून थेट आजोबांच्या जन्माकडे उडी मारू नका. मधलं लग्न शोधा. लग्नाच्या नोंदीत दोन्ही बाजूंचे आईवडील, ते हयात की मृत, वय, जन्मगाव, धंदा, शिवाय चार साक्षीदार आणि त्यांचं नातं इतकं सगळं एका पानावर मिळतं. दोन पिढ्यांचा सांधा लग्नातच जुळतो.

लग्नाचं साल माहीत नसेल तर 'ताब्ल देसेनाल' उघडा, म्हणजे दर दहा वर्षांची अक्षरवार सूची. सरकारी नोंदींची पद्धत २० सप्टेंबर १७९२ च्या कायद्यानं आली, तेव्हापासून या सूच्या आहेत. जिथे सूची नाही तिथे प्रत्येक वर्षाच्या वहीच्या शेवटी त्या वर्षाची सूची असते का ते बघा. नवखा माणूस पहिल्या पानापासून वाचायला लागतो. सुरुवात शेवटच्या पानापासून करावी.

पूर्वजांना सोझा क्रमांक द्या. मूळ व्यक्ती १, कुणाच्याही वडिलांचा क्रमांक त्याच्या दुप्पट, आईचा दुप्पट अधिक एक. म्हणजे ६ क्रमांकाच्या माणसाचे वडील १२, आई १३. एकाच नावाच्या पाच-पाच माणसांत गोंधळ होत नाही.

---

पाँडीची_वही

फार गरजेचा धागा. बायकांच्या नावाबद्दल लगेच लिहितो, कारण आपल्याकडचे लोक नेमके तिथेच अडकतात.

आपल्याकडे लग्नानंतर नाव बदलतं, आडनाव बदलतं, काही घरांत पाळण्यातलं नावसुद्धा बदलतं. फ्रेंच कायद्यात बाईचं आडनाव कधीच बदलत नाही. ६ फ्रुक्तिदोर वर्ष २ (फ्रेंच क्रांतीच्या पंचांगातली तारीख, म्हणजे २३ ऑगस्ट १७९४) चा कायदा सांगतो की जन्मनोंदीत जे नाव आणि आडनाव आहे त्याखेरीज दुसरं कुणीही लावू नये. नवऱ्याचं आडनाव ती व्यवहारात वापरते, तेवढंच. त्यामुळे आजीचा मृत्यू नवऱ्याच्या आडनावाखाली शोधला तर बहुतेकदा मिळत नाही. माहेरच्या आडनावाखाली शोधा. नोंदीत 'अमकी, तमक्याची व्हव (विधवा)' किंवा 'तमक्याची एपूझ (पत्नी)' असं असतं.

उदाहरण सगळ्यांना माहीत असलेलं देतो. पाँडिचेरीचा फ्रेंच गव्हर्नर द्युप्लेक्स याची बायको, इतिहासात 'जाँ बेगम' म्हणून प्रसिद्ध असलेली. ती १७०६ मध्ये पाँडिचेरीत जन्मली. कागदात ती द्युप्लेक्स नाही. ती 'जान आल्बेर' आहे, तिच्या वडिलांच्या आडनावानं. त्याआधी ती व्हँसाँ नावाच्या व्यापाऱ्याची बायको होती, म्हणून १७४१ साली द्युप्लेक्सशी लग्न झालं तेव्हा तिची ओळख 'आल्बेर, व्हँसाँची विधवा' अशी. आडनावं तीन दिसतात, बाई एकच. सूचीत मात्र ती आल्बेर.

वसाहतीत पुरुष लवकर मरत आणि विधवा पुन्हा लग्न करत. दोन-तीन लग्नं झालेल्या बायका भरपूर सापडतात. प्रत्येक लग्नाच्या नोंदीत आधीच्या नवऱ्याचं नाव मिळतं, त्यामुळे अशी बाई शोधाला उलट फार मदत करते.

---

सागरतळ

दप्तरदार, समासाबद्दल सविस्तर लिहाल का? माझ्यासमोरच्या नक्कलेत डाव्या कडेला काही ओळी आहेत, वेगळ्या अक्षरातल्या.

---

दप्तरदार

सागरतळ, तीच ओळ आधी वाचा.

जन्मनोंदीचं पान असं असतं: डावीकडची सुमारे पाव ते एक तृतीयांश जागा रिकामी सोडलेली, तिच्यात वरती नोंदीचा क्रमांक आणि मुलाचं नाव. उजवीकडे मुख्य मजकूर, एका दमात लिहिलेला, परिच्छेद नाहीत, तारखा अक्षरी. आणि डावीकडे खाली, वेगळ्या शाईत, वेगळ्या हातानं, तीस-चाळीस वर्षांनंतर कुणीतरी लिहिलेलं: "अमुक गावी, अमुक तारखेला, अमुकशी विवाह."

समासात काय असेल ते सालावर अवलंबून आहे. घटस्फोट १८८६ पासून. लग्न १८९७ पासून. मृत्यू १९४५ पासून. म्हणजे १८८० साली जन्मलेल्या माणसाच्या समासात त्याचं १९०५ चं लग्न मिळू शकतं, पण १९३० चा मृत्यू मिळणार नाही. समास कोरा असला म्हणजे लग्न झालंच नाही असं समजू नका.

मोठी सावधगिरी: एक्सला आहे ती दुसरी प्रत. समासातल्या नोंदी स्थानिक प्रतीवर होत राहिल्या, पण आधीच फ्रान्सला गेलेल्या प्रतीवर बऱ्याचदा झाल्या नाहीत. ऑनलाइन पानाचा समास कोरा दिसला तर त्या गावच्या 'मेरी'तून (नगरपालिका) किंवा स्थानिक दप्तरातून नक्कल मागवा.

---

बोटीवरचा_कारकून

तारखांबद्दल दोन सापळे.

पहिला. जुन्या नोंदीत महिन्याच्या जागी '७ब्र', '८ब्र', '९ब्र' आणि रोमन दहाच्या खुणेपुढे 'ब्र' असं दिसतं. '७ब्र' म्हणजे जुलै समजून वंशावळी लिहिलेल्या आहेत आणि त्या नेटवर फिरतही आहेत. ७ब्र म्हणजे सप्टेंबर. मराठी माणसाला हे लक्षात ठेवायला सोपं: सप्त, अष्ट, नव, दश. सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर. लॅटिन आणि संस्कृत अंक इथे शेजारी उभे राहतात.

दुसरा. क्रांतीचं पंचांग. त्याची कालगणना २२ सप्टेंबर १७९२ पासून धरली आहे आणि १ जानेवारी १८०६ ला ते रद्द झालं. महिने सगळे तीस दिवसांचे, वर्षाच्या शेवटी पाच किंवा सहा जादा दिवस. १८ ब्र्युमेर वर्ष ८ म्हणजे ९ नोव्हेंबर १७९९. रूपांतर हातानं करू नका, तक्ता वापरा, कारण वर्षाची सुरुवात दर वर्षी २२ तारखेलाच होत नाही, २३ किंवा २४ लाही होते. वंशावळीत दोन्ही तारखा लिहा. वसाहतीत हुकूम जहाजानं पोचायचे, त्याला महिने लागत. पॅरिसमध्ये नवं पंचांग सुरू झाल्यावरही दूरच्या बेटावर काही काळ जुन्याच तारखा दिसतात. ती लेखनिकाची चूक नव्हे.

थोडे शब्द, जे चुकवतात: 'फ' म्हणजे मृत (आपल्या कै. सारखं). 'माझर' म्हणजे सज्ञान, पण जुन्या राजवटीत (क्रांतीपूर्वी) लग्नासाठी पुरुषाची सज्ञानता ३० व्या वर्षी होती, १८ व्या नव्हे. 'क्रेओल' म्हणजे त्या वसाहतीत जन्मलेला, एवढंच. वर्ण त्यावरून ठरत नाही. भारतातल्या नोंदींत 'तोपास' दिसतं: युरोपीय टोपी घालणारे, बहुधा पोर्तुगीज नावांचे देशी किंवा मिश्र ख्रिस्ती. आपल्या जुन्या कागदांतला 'टोपीकर' शब्द आठवा. पण दोन्ही एक नव्हेत. आपला टोपीकर म्हणजे युरोपीय.

---

मोडी_वाचक

मूळ धाग्यातलं "पलटणीत लागलेलं आडनाव" इथे पुढे नेतो, कारण मराठ्यांच्या इतिहासात आपण ज्यांना ओळखतो ते फ्रेंच सरदार याचंच उदाहरण आहेत.

महादजी शिंद्यांची कवायती फौज उभी करणारा डी बॉयन. फ्रेंच दप्तरात या नावानं त्याचा जन्म शोधाल तर मिळणार नाही. तो बनुआ लबोर्न्य, शाँबेरीत १७५१ साली जन्मला. 'बोर्न्य' म्हणजे एका डोळ्याचा. कुणा पूर्वजाच्या टोपणनावाचं घराण्याचं आडनाव झालेलं. 'द ब्वान्य' त्यानं पुढे केलं. दुसरी मेख: शाँबेरी तेव्हा फ्रान्समध्ये नव्हतं. साव्हॉय प्रांत सार्डिनियाच्या राजाकडे होता, १७९२ ते १८१४-१५ फ्रान्सकडे, मग परत, आणि १८६० पासून कायमचा फ्रान्समध्ये. म्हणून जन्माच्या सालात ते गाव कोणाच्या राज्यात होतं हे आधी बघायचं.

त्याच्यानंतर शिंद्यांच्या फौजेचा प्रमुख झालेला पेराँ: जन्मनाव पिएर क्युइये. निजामाच्या दरबारातला बुसी, आपल्या बखरींतला 'मुसाबुसी': शार्ल जोझेफ पातिसिए द बुसी. 'मुसा' हे 'मस्य'चं (श्रीयुत) रूप आहे, नावाचा भाग नव्हे. मराठी किंवा फारसी कागदातून फ्रेंच माणूस शोधताना पुढचं 'मुसा' काढून टाका, मग उरलेलं नाव सैल उच्चारानं जुळवा.

शिपायांचं तर सरळ टोपणनाव असायचं, 'नों द गेर' म्हणजे युद्धनाव. नोंदीत 'अमुक दी ला फ्लर' (फूल), 'दी सां सुसी' (निश्चिंत), 'दी जोलीकर' असं येतं. हा 'दी' म्हणजे 'उर्फ'. पुढच्या पिढीत कधी मूळ आडनाव गळतं आणि उर्फच राहतं. कधी एक भाऊ मूळ लावतो, दुसरा उर्फ. अशा घराण्यात दोन्ही नावांनी शोधावं लागतं. शिपायाचं मूळ गाव हवं असेल तर चर्चची वही पुरत नाही. 'काँत्रोल द त्रूप' बघा, म्हणजे फौजेची हजेरीपत्रकं. ती १७१६ पासून ठेवली गेली. त्यांत उर्फ, खरं नाव, आईवडील, जन्मगाव, उंची, चेहऱ्यावरच्या खुणा असं सगळं असतं. मुख्य फौजेची व्हँसेनच्या लष्करी दप्तरात, वसाहतीच्या पलटणींची एक्सला.

आणि जो कंपनीच्या जहाजातून आला त्याच्यासाठी लोरियाँ. ईस्ट इंडिया कंपनीची फ्रेंच बहीण १६६४ ची, तिचं बंदर लोरियाँ. जहाजावरच्या माणसांच्या याद्या तिथल्या नाविक दप्तरात आहेत आणि फ्रेंच संरक्षण खात्याच्या 'मेमुआर दे झोम' या संकेतस्थळावर शोधता येतात. कोण चढला, कुठे उतरला, वाटेत कोण मेला, कोण बंदरावर पळून गेला हे समोरासमोर लिहिलेलं असतं.

---

बोटीवरचा_कारकून

> मोडी_वाचक: 'द ब्वान्य' त्यानं पुढे केलं

'द' बद्दल जोड. 'द' असला म्हणजे उमराव, हा समज चुकीचा. पुष्कळदा तो जमिनीवरून आला आहे. एका घरात तीन भाऊ, थोरला बापाचं आडनाव लावतो, मधला आपल्या वाट्याच्या शेताचं, धाकटा तिसऱ्या वाडीचं. पुढच्या पिढीत ही तीन वेगळी घराणी वाटतात.

माहे द लाबुर्दोने, १७३५ पासून इल द फ्रांसचा (आजचं मॉरिशस) गव्हर्नर, जन्म सँ-मालो १६९९. त्याचं आडनाव माहे. 'द लाबुर्दोने' ही पुढची जोड. सूचीत म च्या खाली बघायचं की ल च्या? दोन्ही बघा. फ्रेंच सूचीचा नियम असा: छोटा 'द' धरत नाहीत, पण 'ल', 'ला', 'द्यु', 'दे' धरतात. म्हणून 'द लाबुर्दोने' ल खाली आणि 'द्यु' लागलेली नावं द खाली. जुने लेखनिक मात्र हा नियम पाळत नसत.

---

किनारपट्टी

रेयुनियोंमधल्या १८४८ च्या आडनावांबद्दल कुणी लिहिल का? त्या भिंतीपलीकडे कसं जायचं?

---

पाँडीची_वही

किनारपट्टी, हा विषय जड आहे, सावकाश लिहितो.

गुलामी रद्द करणारा हुकूम २७ एप्रिल १८४८ चा. रेयुनियोंत तो २० डिसेंबर १८४८ ला लागू झाला. साठ हजारांहून जास्त माणसं त्या दिवशी मोकळी झाली. तोपर्यंत कागदोपत्री त्यांना आडनाव नव्हतं, एकच नाव. नागरिक म्हणजे आडनाव हवंच, म्हणून काही आठवड्यांत हजारो आडनावं दिली गेली. त्यासाठी खास वह्या उघडल्या. मार्टिनिकमध्ये यांना 'रजिस्त्र दँदिव्हिद्युआलिते' म्हणतात, ग्वादलूपमध्ये 'नव्या मोकळ्यांच्या वह्या', रेयुनियोंत 'खास वह्या'.

वसाहतीतल्या गोऱ्या घराण्यांची आडनावं देऊ नयेत अशी ताकीद असे. मग कारकुनांनी जे सुचेल ते दिलं: ग्रीक-रोमन इतिहासातली नावं, झाडं, महिने, फ्रान्समधली गावं, ओळखीच्या नावाची अक्षरं उलटसुलट करून बनवलेले शब्द, किंवा माणसाचं मूळ एकेरी नावच आडनाव म्हणून. काही आडनावं उघड अपमानकारक आहेत आणि ती आजही माणसं लावतात. म्हणून अशा आडनावाचा 'अर्थ' शोधून मूळ प्रांत सांगणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका. त्या शब्दावरून माणूस कुठून आला हे कळत नाही. त्या दिवशी टेबलामागे कोण बसलं होतं, इतकंच कळतं.

पद्धत अशी. आजच्या आडनावानं मागे १८४८ पर्यंत या. खास वहीतली नोंद काढा. तिच्यात जुनं एकेरी नाव, वय, जन्मठिकाण आणि 'मात्रिक्युल' म्हणजे गुलामांच्या नोंदवहीतला क्रमांक यांतलं जे मिळेल ते उतरवून घ्या. क्रमांक सर्वांत मोलाचा. आता आडनाव सोडून द्या. इथून पुढे मालकाच्या आडनावानं शोधायचं: मालकाची खानेसुमारी, आणि त्याहून उपयोगी म्हणजे नोटरीचे कागद. मालक मेला की मालमत्तेची यादी होते, मुलीचं लग्न ठरलं की करार होतो. त्या यादीत गुरं आणि भांडी यांच्याच रांगेत माणसं लिहिलेली असतात: नाव, वय, 'काफ्र' (आफ्रिकी), 'मालगाश' (मादागास्करचा), 'मालबार', 'क्रेओल' असा शिक्का, आणि पुढे किंमत. वाचवत नाही, पण आई आणि तिची लहान मुलं बहुधा एकत्र लिहिलेली असतात. मुलाचं आईशी नातं सांगणारा तोच एक कागद असू शकतो.

काय चुकतं: आई आणि मुलांना सहसा एकच आडनाव मिळालं, पण बाप दुसऱ्या मळ्यावर असेल तर त्याला वेगळं. वेगवेगळ्या मालकांकडे विकलेले सख्खे भाऊ वेगवेगळ्या आडनावांचे झाले. मग स्वातंत्र्यानंतर त्याच आईबापांनी लग्न केलं आणि मुलांना औरस ठरवून घेतलं, तेव्हा मुलांचं आडनाव पुन्हा बदलून बापाचं झालं. ही ओळ लग्नाच्या नोंदीच्या अगदी शेवटी असते: "...आणि वधूवरांनी सांगितलं की त्यांच्यापासून पुढील मुलं जन्मली आहेत", पुढे नावं, वयं. १८४८ नंतरच्या दहा-पंधरा वर्षांतलं प्रत्येक लग्न शेवटच्या ओळीपर्यंत वाचा.

'मालबार' शिक्का बघून मलबार किनारा समजू नका. रेयुनियोंत तो दक्षिण भारतीय माणसासाठी सरसकट वापरला आहे.

भारताशी जोडलेला एक खटला इथे सांगायलाच हवा. फ्यूर्सी, जन्म १७८६, बूर्बों बेटावर (रेयुनियोंचं जुनं नाव). त्याची आई माद्‌लेन चंद्रनगरची, लहानपणी विकली गेली आणि फ्रान्समध्ये लोरियाँला नेली गेली. १८१७ मध्ये फ्यूर्सीनं आपण जन्मतः स्वतंत्र आहोत असा दावा लावला, आणि पॅरिसच्या न्यायालयानं तो १८४३ मध्ये मान्य केला. सव्वीस वर्षं चाललेला हा खटला उभा होता तो आईच्या कागदांवर: ती कुठली, कधी फ्रान्सला गेली, तिला मोकळं कधी केलं. आणि या सगळ्या कागदांत फ्यूर्सीला आडनाव नाही.

---

किनारपट्टी

वाचून सुन्न झालो. खूप आभार.

---

मोडी_वाचक

रेयुनियोंच्या सुरुवातीच्या घराण्यांत पश्चिम किनाऱ्याचा एक धागा आहे. १६७० च्या दशकाच्या अखेरीस सुरतेच्या बाजूनं काही इंडो-पोर्तुगीज बायका बूर्बोंला आल्या आणि तिथल्या फ्रेंच वसाहतवाल्यांशी त्यांची लग्नं झाली. जुन्या गोऱ्या म्हणवणाऱ्या घराण्यांच्या वंशवृक्षात त्या तळाशी बसलेल्या आहेत. त्यांची पोर्तुगीज आडनावं फ्रेंच हातानं बदलली: रोझारिओचं रोझेर, तेशेराचं तेक्सेर. पोर्तुगीज आडनाव म्हणजे पोर्तुगीज रक्त असा अर्थ काढू नये. गोवा-दमण-वसई पट्ट्यात बाप्तिस्म्याच्या वेळी धर्मपित्याचं किंवा पाद्र्याचं आडनाव मिळे.

लहान बेट, थोडी घराणी, त्यामुळे नात्यातली लग्नं फार. चर्चच्या नोंदीत 'दिस्पाँस' (परवानगी) आणि नात्याची पायरी लिहिलेली असते. दुसरी पायरी म्हणजे सख्ख्या भावंडांची मुलं. तिसरी म्हणजे त्यांची मुलं. पणजोबांपर्यंत कागद तुटला असेल तर ही पायरी समान पूर्वज किती पिढ्या वर आहे ते नेमकं सांगते.

---

सागरतळ

पाँडिचेरीच्या 'रनोंसाँ' लोकांची आडनावं कुठे मिळतात?

---

दप्तरदार

२१ सप्टेंबर १८८१ चा हुकूम. पाँडिचेरीत हिंदू, मुसलमान आणि देशी ख्रिस्ती यांना लग्न-वारशात आपापला रूढीचा कायदा लागू होता. ज्यांना तो सोडून फ्रेंच दिवाणी कायदा घ्यायचा होता त्यांनी तसं जाहीर करायचं. तो 'रनोंसाँ', म्हणजे त्याग करणारा. जाहीर करतानाच एक कायम आडनाव निवडायचं. बायको आणि अज्ञान मुलं त्यात आपोआप येत, आणि एकदा केलेला त्याग मागे घेता येत नसे.

तमिळ माणसाला तोवर आडनाव नव्हतं. स्वतःचं नाव आणि बापाचं नाव, कधी पुढे जात. म्हणून १८८१ च्या आधी पाँडिचेरीच्या वहीत आडनाव शोधणं व्यर्थ आहे. तिथे 'अमुकचा फीस (मुलगा)' ही साखळी धरून जायचं. वेगवेगळ्या दिवशी त्याग करणाऱ्या भावांची आडनावं वेगळी असू शकतात. काहींनी सरळ फ्रेंच शब्द घेतला. वकील पोन्नुतंबी पिल्ले यांनी 'लापोर्त' घेतलं, म्हणजे दार. काहींनी फ्रेंच पुरुषनाव आडनाव केलं, काहींनी बापाचं तमिळ नाव फ्रेंच वळणानं गोठवलं.

त्यागाची नोंद वहीत होत असे आणि वसाहतीच्या सरकारी गॅझेटात, 'मोनितर'मध्ये, छापली जात असे. वही सापडली नाही तर १८८१-८२ चे गॅझेटाचे अंक चाळा. त्यात जुनं नाव, बापाचं नाव आणि नवं आडनाव एकाच ओळीत मिळतं. त्या एका ओळीवर दोन्हीकडचा शोध जोडला जातो.

वर्णलेखन फ्रेंच कानाचं आहे. उ साठी 'ओ-यू' जोडाक्षर, त्यामुळे इंग्रजी स्पेलिंगनं शोधलं तर हुकतं. कृष्णस्वामीचा 'किशनासामी', सुब्बरायनचा 'सूप्रायें', लक्ष्मीचा 'लातशूमी'. पाच-सहा रूपं लिहून ठेवा आणि प्रत्येकानं शोधा.

वह्यांत खंड पडलेली वर्षंही ध्यानात ठेवा. पाँडिचेरी १६९३ ला डचांनी घेतली. इंग्रजांनी १७६१, १७७८ आणि १७९३ ला. फ्रान्सला ती कायमची परत मिळाली १८१६ ला. १७६१ नंतर गाव पाडलं गेलं आणि फ्रेंच कुटुंबं पांगली. त्या वर्षांतले जन्म-मृत्यू मद्रासच्या इंग्रजी वह्यांत, ट्रँकेबारच्या डॅनिश वसाहतीत किंवा इल द फ्रांसला शोधायचे.

---

कोकणी_माणूस

मॉरिशसच्या मराठी घरांचं काय? तिथली आडनावं तर निम्मी पुरुषनावं वाटतात, सखाराम, रामजी, बाप्पू.

---

बोटीवरचा_कारकून

कोकणी_माणूस, ती पुरुषनावंच आहेत.

मॉरिशस १८१० ला इंग्रजांकडे गेलं. १८३४ पासून करारी मजूर आले. भाषा, जमीनमालक आणि दिवाणी कायद्याचा साचा फ्रेंचच राहिला, म्हणून आडनाव हवंच. बंदरावर मजुराचं नाव विचारलं, त्यानं 'सखाराम' सांगितलं, बापाचं नाव वेगळ्या रकान्यात गेलं. गावावरून पडलेलं '-कर' आडनाव कुणी विचारलंच नाही. पुढच्या पिढीत मुलाच्या नावामागे बापाचं एकेरी नाव लागलं आणि तेच गोठलं.

इथे किल्ली आडनाव नाही, आगमन क्रमांक आहे. प्रत्येक मजुराला एक क्रमांक होता आणि तो पुढे लग्न-मृत्यूच्या नोंदींतही लिहिला जाई. म्हणून आधी मॉरिशसच्या नागरी नोंदणी कार्यालयातून सर्वांत जुन्या पूर्वजाचं लग्न किंवा मृत्यू काढा, त्यातला क्रमांक घ्या आणि मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत जा. करारी मजुरांच्या मूळ वह्या तिथे आहेत. वहीत जहाज, आगमनाची तारीख, बापाचं नाव, वय, उंची, जात, जिल्हा, परगणा, गाव असे रकाने असतात. १८६० च्या दशकापासून काहींचे फोटोही.

गाव वाचताना कान वापरा. रत्नागिरी 'रत्नाघेरी' असं, सावंतवाडी 'सावंत वारी' असं. नुसतं 'बॉम्बे' लिहिलं असेल तर ते जहाज सुटलेलं बंदर आहे, गाव नव्हे. जातीच्या रकान्यात 'मराठा' दिसलं तर तेही जपून घ्या: कारकुनानं मराठी बोलणारा या अर्थानंही तो शब्द लिहिला आहे. गाव मिळालं तरी इकडे आडनाव शोधू नका. बापाचं नाव आणि गाव ही जोडी घेऊन गावच्या जुन्या जमीन-नोंदी बघा, आणि गावातल्या वडीलधाऱ्यांना 'मिरच देशाला' (मॉरिशसचं जुनं बोलीतलं नाव) कोण गेलं होतं ते विचारा.

---

सागरतळ

शेवटचं विचारतो. १९५४ नंतरचे दाखले? आणि डीएनए चाचणीनं काही साधतं का?

---

दप्तरदार

पाँडिचेरीचा कारभार १ नोव्हेंबर १९५४ ला भारताकडे आला, करार २८ मे १९५६ चा, अंमल १६ ऑगस्ट १९६२ पासून. त्या दिवसापासून सहा महिन्यांत फ्रेंच नागरिकत्व राखण्याचा पर्याय लेखी द्यायचा होता. चंद्रनगर वेगळं, ते १९५० मध्येच भारताकडे आलं. जुन्या वसाहतींतल्या अलीकडच्या फ्रेंच नोंदी नाँतच्या 'सेर्व्हिस साँत्राल देता सिव्हिल'कडे, स्थापना १९६५. अर्ज ऑनलाइन, शुल्क नाही. जन्म आणि लग्नाच्या नोंदी ७५ वर्षांनंतर कुणालाही खुल्या. त्याआधी नातं दाखवावं लागतं. अर्जात जन्मनोंदीतलं अचूक नाव, तारीख, गाव आणि आईवडिलांची नावं भरा. आईच्या रकान्यात माहेरचं आडनाव. इथे सासरचं लिहिलं की अर्ज परत येतो.

डीएनए: फ्रान्समध्ये वंशशोधासाठी घरगुती चाचणी करणं कायद्यानं गुन्हा आहे, दंड ३,७५० युरोपर्यंत. रेयुनियों आणि मार्टिनिक फ्रान्सचेच भाग, तिथेही लागू. त्यामुळे तिकडचे नातेवाईक चाचणी कंपन्यांच्या डीएनए-साठ्यांत कमी सापडतात. मॉरिशसला हा कायदा नाही, तिथल्या आणि तिथून ऑस्ट्रेलिया-इंग्लंडला गेलेल्या चुलत शाखा सापडू शकतात. पण जुळणी मिळाली तरी ती फक्त "नातं आहे" इतकं सांगते. कुठल्या आजीकडून, हे पुन्हा लग्नाच्या नोंदीच्या शेवटच्या ओळीतच बघायचं.

आणि आजची आडनावं बघून मागची समजू नका. १ जानेवारी २००५ पासून फ्रान्समध्ये आईबाप मुलाला बापाचं, आईचं किंवा दोन्ही आडनावं देऊ शकतात. १ जुलै २०२२ पासून तर सज्ञान माणूस साध्या अर्जानं दुसऱ्या पालकाचं आडनाव घेऊ शकतो. वंशावळीत प्रत्येक व्यक्तीपुढे आडनाव लिहिताना ते कोणत्या कागदातून आणि कोणत्या सालापासून, हा रकाना ठेवा. त्याच्या शेजारी 'आधीचं नाव' असा दुसरा रकाना. सागरतळ, तुमच्या नक्कलेच्या समासातल्या ओळी जशाच्या तशा इथे उतरवा, नावं गाळून. साल आणि शाई सांगा, आपण वाचून बघू.